कसालचा फाटा आणि फोनवरचे गिऱ्हाईक

मुंबई-गोवा महामार्गावरून मालवणला जाणारी वाहने कसालला वळतात. या फाट्यावरच्या धंद्याचे गणित पूर्वी सोपे होते: गाडी थांबली तर विक्री. आता पुण्या-मुंबईचे कुटुंब जेवायचे कुठे, तारकर्लीत उतरायचे कोणाकडे आणि परतताना काजू कोणाकडून घ्यायचे, हे निघण्यापूर्वीच फोनवर ठरवून येते. त्यामुळे खानावळ, न्याहारी-निवास किंवा आंब्याची बाग चालवणाऱ्याला रस्त्यावरच्या पाटीइतकेच लक्ष व्हॉट्सअॅप, इन्स्टाग्राम आणि यूट्यूबकडे द्यावे लागते.

हा बदल फार जुना नाही. 2016 नंतर मोबाइल इंटरनेट स्वस्त झाले. 2020 च्या एप्रिल-मे महिन्यांत, म्हणजे आंब्याच्या ऐन हंगामात, टाळेबंदीने बाजार विस्कळीत झाला, तेव्हा अनेक बागायतदारांनी मुंबई-पुण्याच्या गृहसंकुलांच्या व्हॉट्सअॅप गटांतून थेट पेट्या विकल्या. त्याच वर्षी जूनअखेर टिकटॉकवर बंदी आली आणि जुलैत इन्स्टाग्रामने भारतात रील्स सुरू केले. अडचणीपायी शिकलेली ही विक्री पुढे अनेकांच्या अंगवळणी पडली.

सिंधुदुर्गातल्या व्यावसायिकाचे गिऱ्हाईक मात्र एकाच जातीचे नाही. एक चाकरमानी: मुंबईत राहणारा, गणपतीला आणि जत्रेला गावी येणारा, मालाची पारख असलेला. त्याला आंबोळी काय असते हे सांगण्याची गरज नसते. यंदा ओले काजूगर कधी निघतील आणि दर काय, एवढेच त्याला हवे असते. तो गाववाल्यांच्या व्हॉट्सअॅप गटात आणि फेसबुकवर भेटतो. दुसरा पर्यटक. त्याने सोलकढी प्यायली असली तरी कोकम झाडावर कसे दिसते हे पाहिलेले नसते. तो रील्स, यूट्यूब आणि गूगल मॅपवरचे अभिप्राय पाहून येतो. दोघांना एकच मजकूर पाठवला की पहिल्याला तो पाल्हाळ वाटतो आणि दुसऱ्याला त्रोटक.

चाकरमान्यासाठी व्हॉट्सअॅपच सर्वांत उपयोगी. त्याचे व्यावसायिक अॅप 2018 पासून मिळते. त्यात मालाची छायाचित्रे आणि दर मांडणारा कॅटलॉग ठेवता येतो, नेहमीच्या प्रश्नांची उत्तरे तयार ठेवता येतात. एका ब्रॉडकास्ट यादीत 256 जण बसतात, पण विक्रेत्याचा क्रमांक ज्यांनी स्वतःच्या फोनमध्ये जतन केला आहे त्यांनाच तो संदेश पोहोचतो. ही अट अनेकांना जाच वाटते. खरे तर ती चाळणी आहे. ज्याला माल हवा आहे तोच यादीत टिकतो. या यादीला रोज ‘शुभ सकाळ’ पाठवणारा विक्रेता आंबा निघेपर्यंत बहुतेकांच्या फोनवर म्यूट झालेला असतो. हंगामापूर्वी एक, पहिली तोड निघाल्यावर एक आणि माल संपताना एक, एवढे संदेश पुरतात.

पर्यटकासाठी काम वेगळे आहे, कारण त्याला आधी उत्सुकता वाटायला हवी. ‘मालवणी लाईफ’ किंवा ‘कोकणी रानमाणूस’ या यूट्यूब वाहिन्या वस्तूंपेक्षा गावचे घर, रान, शेती आणि स्वयंपाक दाखवतात, यात शिकण्यासारखे बरेच आहे. आमसुलाच्या पाकिटाचा फोटो कोणी थांबून पाहत नाही. पण रातांबे फोडून बिया वेगळ्या करणे, सालींना मीठ घातलेल्या रसाची पुटे देणे, पुन्हा उन्हात वाळवणे, हे मिनिटभराच्या चित्रफितीत दिसले की पाकिटाचा दर इतका का, याचे उत्तर आपोआप मिळते. पहिल्या दोन-तीन सेकंदांत हात काम करताना दिसावेत. दुकानाचे नाव आणि देवाचा फोटो नंतर आला तरी चालतो. निवेदन मालवणीत असले तर बिघडत नाही. उलट पुण्याच्या प्रेक्षकाला तेच हवे असते, आणि मुंबईतला मालवणी माणूस ती चित्रफीत हमखास पुढे पाठवतो.

कित्येक धंदे घसरतात ते उत्तरांमध्ये. टिप्पणीत कोणी दर विचारला की ‘मेसेज करा’ असे लिहिण्याची खोड सर्वत्र आहे. दर उघड लिहिला तर एकाच वेळी अनेकांचा प्रश्न सुटतो. लपवला तर गिऱ्हाइकाच्या मनात पहिली शंका तिथेच येते. आंब्यात तर शंकेला भरपूर जागा आहे. हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तरी परप्रांतातला आंबा ‘देवगड’ म्हणून विकला जातोच. 2025 च्या हंगामापासून देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने फळावर विशिष्ट क्रमांकाचे स्टिकर लावण्याची पद्धत आणली. स्टिकरचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवून ग्राहकाला खातरजमा करता येते. पेटीत डझन किती, फळाचे वजन साधारण किती, डागी निघाले तर काय, हे विक्रेत्याने आधीच लिहून ठेवले की निम्मे वाद होत नाहीत. वाईट अभिप्राय आला तर तो पुसण्यापेक्षा त्याखाली शांतपणे उत्तर लिहावे. नवे गिऱ्हाईक तक्रारीइतकेच ते उत्तरही वाचते.

हंगामाशी प्रामाणिक राहणे हा या किनाऱ्यावरचा खास नियम. पावसाळ्यात जलक्रीडा बंद असतात आणि राज्यात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. जुलैत निळ्याशार पाण्याची जुनी चित्रफीत टाकणारा निवासवाला खोल्या भरील, पण तो पर्यटक पुन्हा येणार नाही. पावसात भातलावणी, कुळथाची पिठी, सुका बाजार दाखवावा. त्यालाही पाहणारे आहेत.

कायद्याकडेही दुर्लक्ष चालत नाही. घरून लोणची, पापड, कोकम सरबत विकणाऱ्यालाही अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, म्हणजे एफएसएसएआयची नोंदणी लागते. पैसे किंवा फुकट मुक्काम देऊन एखाद्या इन्फ्लुएन्सरकडून प्रसिद्धी करून घेतली, तर ती जाहिरात असल्याचे स्पष्ट सांगावे लागते. जाहिरात मानक परिषदेची नियमावली 2021 पासून, तर केंद्र सरकारच्या सूचना जानेवारी 2023 पासून आहेत.

यश मोजायचे ते फॉलोअरच्या आकड्यावर नाही. लाखभर लोकांनी पाहिलेल्या रीलमधून एकही मुक्काम मिळत नाही, असे होऊ शकते. प्रत्येक गिऱ्हाइकाला ‘आमच्याबद्दल कुठून कळले?’ एवढे विचारून उत्तर वहीत लिहून ठेवावे. हंगाम संपल्यावर ती वही चाळली की पुढच्या वर्षी वेळ कुठे घालवायचा आणि कुठे नाही, हे कोणत्याही सल्लागाराविना कळते.