फुकट दवाखान्याचा जमाखर्च

अमेरिकेत आरोग्यसेवेवर दरवर्षी होणारा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या सतरा-अठरा टक्क्यांच्या घरात जातो. दुसरा कोणताही मोठा देश या बाबतीत तिच्या जवळपास फिरकत नाही. अशा देशात वैद्यकीय महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी आठवड्यातील एखाद्या संध्याकाळी चर्चच्या दालनात किंवा प्राथमिक शाळेच्या खोलीत टेबले मांडावीत आणि गोरगरिबांसाठी मोफत दवाखाना चालवावा, हे प्रथमदर्शनी विसंगत वाटेल. वस्तुतः त्यात विसंगती काही नाही. जेथे सेवा सर्वांत महाग असते, तेथेच ती न परवडणाऱ्यांची रांग लांब होते, हा साधा बाजाराचा नियम आहे.

धर्मार्थ औषधोपचार अमेरिकेला नवे नाहीत. फिलाडेल्फियात १७८६ साली आणि न्यूयॉर्कमध्ये १७९१ साली गरिबांसाठी ‘डिस्पेन्सरी’ निघाल्या होत्या आणि पुढे शतकभर तरुण डॉक्टरांचा हात अशाच ठिकाणी बसत गेला. १९६५ साली वृद्धांसाठी ‘मेडिकेअर’ आणि निर्धनांसाठी ‘मेडिकेड’ या सरकारी योजना आल्या, तेव्हा दानधर्माचे हे युग संपले असे अनेकांना वाटले. तसे झाले नाही. वृद्ध नसलेला, कायद्याच्या व्याख्येत बसण्याइतका निर्धनही नसलेला, पण ज्याच्या नोकरीत विमा मिळत नाही असा मोठा वर्ग या दोन योजनांच्या मधल्या फटीत राहिला. १९६७ साली डॉ. डेव्हिड स्मिथ यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या हेट-ॲशबरी भागात मोफत दवाखाना उघडला. आरोग्यसेवा हा हक्क आहे, मेहेरबानी नव्हे, ही त्याची घोषणा होती. १९९७ साली सॅन डिएगोच्या विद्यापीठात डॉ. एलन बेक आणि त्यांचे विद्यार्थी यांनी जो उपक्रम सुरू केला, त्याकडे आज या चळवळीतील एक आदर्श म्हणून पाहिले जाते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ४९ महाविद्यालयांतून असे १११ दवाखाने आढळले. तेथे वर्षाला छत्तीस हजारांवर रुग्ण-भेटी होत होत्या. २०१४ पर्यंत देशातील सुमारे तीन चतुर्थांश वैद्यकीय महाविद्यालयांत असा निदान एक तरी दवाखाना होता.

दवाखान्याची रीत थोडक्यात अशी. पहिल्या-दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी वजन घेतो, रक्तदाब मोजतो, रोग्याची हकिकत लिहून घेतो. वरच्या वर्गातला विद्यार्थी तपासतो आणि आपले निदान परवानाधारक डॉक्टरपुढे मांडतो. डॉक्टर स्वतः रोग्याला पाहतो, चूक दाखवितो आणि औषधाच्या चिठ्ठीवर सही करतो. खाजगी डॉक्टर काही मिनिटांत ज्याला वाटेला लावील, त्या रोग्याचे येथे दोन-दोन तास जातात. कधी कधी त्यात भलेही होते. नवख्या विद्यार्थ्याला घाई नसते, आणि रोग्याच्या बोलण्यातून त्याचे घरभाडे थकले आहे किंवा तो रात्रपाळीमुळे औषध चुकवितो, हे कळते. स्पॅनिश जाणणारा विद्यार्थी अशा वेळी एखाद्या प्राध्यापकाहूनही अधिक उपयोगी ठरतो.

अर्थशास्त्राच्या भाषेत पाहिले तर या व्यवहाराला निव्वळ ‘मोफत’ म्हणता येत नाही. विद्यार्थी श्रम देतो आणि अनुभव घेतो. रोगी पैसा देत नाही, पण वेळ देतो आणि आपले शरीर शिकण्यासाठी देतो. केनेथ ॲरो यांनी १९६३ साली दाखवून दिले होते की, वैद्यकसेवेचा बाजार इतर बाजारांसारखा चालत नाही, कारण रोग्याला आपल्याला काय हवे हेच ठाऊक नसते. त्याला डॉक्टरवर विश्वास टाकावा लागतो. ज्याच्यापुढे दुसरा दवाखानाच नाही, त्याच्या विश्वासाला ‘संमती’ म्हणावे काय, हा प्रश्न येथे टोचतो. श्रीमंताला अनुभवी डॉक्टर आणि गरिबाला शिकाऊ, ही वाटणी न्याय्य नाही, असा आक्षेप अमेरिकेतच घेतला गेला आहे, आणि तो खोडून काढणे सोपे नाही. त्याला एवढेच उत्तर देता येते की, प्रत्येक रोग्याला प्रत्यक्ष डॉक्टरने पाहिलेच पाहिजे हा दंडक जेथे काटेकोरपणे पाळला जातो, तेथे आक्षेपाची धार बोथट होते. जेथे तो सैल होतो, तेथे दवाखाना बंद केलेला बरा.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. या दवाखान्यांत मुख्यतः मधुमेह आणि रक्तदाबाचे रोगी येतात, आणि हे विकार जन्मभराचे असतात. विद्यार्थी मात्र दरवर्षी बदलतात, परीक्षा येतात, सुट्या लागतात. जुनी, साधी औषधे स्वस्त आहेत. २००६ पासून तेथील एका बड्या दुकानसाखळीत अशी कित्येक औषधे महिन्याला चार डॉलरांत मिळू लागली. गोळ्या द्यायला विद्यार्थ्यांचा दवाखाना समर्थ आहे. परंतु छातीतली गाठ संशयास्पद वाटली, मूत्रपिंड निकामी होऊ लागले, तर पुढे काय? १९८६ च्या कायद्यानुसार तातडीच्या रोग्याला तपासून त्याची प्रकृती स्थिर केल्यावाचून रुग्णालयाला परत धाडता येत नाही. तातडी संपली की कायद्याचे संरक्षणही संपते. म्हणून कागदपत्रांविना राहणाऱ्या स्थलांतरिताला काही राज्यांत नियमित डायलिसिस मिळत नाही. तो मरणाच्या दारात पोचला की एकदा मिळते, आणि काही दिवसांनी पुन्हा त्याच दारात उभे राहावे लागते. अशा रोग्यांतील मृत्यूचे प्रमाण नियमित उपचार घेणाऱ्यांपेक्षा कितीतरी अधिक असते, आणि रुग्णालयाचा खर्चही वाढतो. चार डॉलरांच्या गोळ्या वेळेवर मिळाल्या असत्या, तर यांतील कित्येकांवर ही पाळी आलीच नसती. त्या हिशेबाने विद्यार्थ्यांची एक संध्याकाळ फार मोलाची आहे. पण ज्या राष्ट्राने हा हिशेब मांडायचा, ते तो विद्यार्थ्यांवर सोपवून मोकळे होते, हेही तितकेच खरे.

२०१० च्या आरोग्य कायद्याने परिस्थिती बरीच सुधारली. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने मेडिकेडचा विस्तार राज्यांच्या मर्जीवर सोडला आणि काही राज्यांनी तो नाकारला. कागदपत्रांविना राहणाऱ्यांना या कायद्याने काढलेल्या विमा-बाजारात स्वतःच्या पैशानेही विमा घेता येत नाही. २०२३ साली अडीच कोटींहून अधिक माणसे विम्यावाचून होती. दवाखान्यांपुढील रांग आटली नाही ती यामुळे.

आपल्याकडे अशी चळवळ का रुजली नाही, याचे कारण विद्यार्थ्यांच्या अनास्थेत शोधण्याची गरज नाही. सरकारी महाविद्यालयाला जोडलेले रुग्णालय हेच येथे गरिबाचे रुग्णालय. विद्यार्थ्याला गरीब रोगी शोधत जावे लागत नाही, तोच व्हरांड्यात सतरंजी टाकून बसलेला असतो. शिकाऊ डॉक्टर आणि निरुपाय रोगी ही जोडी आपल्याकडे इतकी नित्याची आहे की तिच्याविषयी नैतिक प्रश्न विचारण्याचे कोणाला सुचत नाही. अपवाद सेवाग्रामचा. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली उभ्या केलेल्या तेथील महाविद्यालयात प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते आणि विद्यार्थ्यांना घरे वाटून दिली जातात. त्याच धर्तीवर राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ साली कुटुंब दत्तक घेण्याचा कार्यक्रम देशभरच्या अभ्यासक्रमात आणला. विद्यार्थ्याने ठरावीक कुटुंबांकडे वर्षानुवर्षे जावे, त्यांच्या प्रकृतीची नोंद ठेवावी, गरज पडल्यास आरोग्य केंद्राची वाट दाखवावी, अशी त्यात अपेक्षा आहे. अमेरिकन दवाखान्यात सही करणारा डॉक्टर विद्यार्थ्याच्या शेजारी उभा असतो. येथे तो प्राथमिक आरोग्य केंद्रात असायला हवा. त्या केंद्रातली जागा भरलेली आहे की रिकामी, ही चौकशी अभ्यासक्रम आखणाऱ्यांनी विद्यार्थ्याला गावी पाठविण्यापूर्वी केलेली बरी.