स्प्रिंग आधी आवरा, मग पाना घ्या

जत्रेत फळीवरचे फुगे फोडायला ज्यांनी पैसे मोजलेत, त्यांनी स्प्रिंगवर चालणारी एअर रायफल हाताळलेलीच असते. नळी खाली मोडायची, छर्रा बसवायचा, नळी परत मिटवून नेम धरायचा. नळी मोडताना तिला जोडलेला दांडा पिस्टनला मागे रेटतो, स्प्रिंग दबते आणि पिस्टन चापाच्या खटक्यात अडकतो. चाप ओढला की स्प्रिंग पिस्टनला पुढे भिरकावते. सिलिंडरमधली हवा क्षणात दाबली जाऊन तापते आणि बारीक भोकातून छर्ऱ्यामागे घुसते. छर्ऱ्याला ढकलते ती ही हवा. स्प्रिंगचा त्याला स्पर्शही होत नाही. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या बीएसए कारखान्याने लिंकन जेफ्रीज यांच्या आराखड्यावरून १९०५ साली एअर रायफली बनवायला सुरुवात केली, तेव्हाही आतली मांडणी मुळात हीच होती.

यंत्र इतकं साधं असल्यामुळे ते घरी उघडावंसं वाटणं साहजिक आहे, आणि नीट तयारी केली तर काम घरी होण्याजोगंही आहे. गफलत होते ती एका समजुतीमुळे. रायफल भरलेली नाही, नळी मोडलेली नाही, म्हणजे आतली स्प्रिंग मोकळी आहे, असं लोक धरून चालतात. ती मोकळी नसते. कारखान्यात बसवतानाच ती काही सेंटिमीटर दाबून मागच्या ठोकळ्याने अडवलेली असते. तो ठोकळा धरून न ठेवता त्याला अडकवणारा खिळा काढला, तर ठोकळा आणि स्प्रिंग दोन्ही जोरात बाहेर उसळतात. समोर चेहरा असेल तर डोळा जाऊ शकतो.

म्हणून पाना हातात घेण्याआधी स्प्रिंग आवरणारा शिकंजा तयार हवा. जाड लाकडी चौकटीत रायफल घट्ट बसवायची आणि मागून आटे पाडलेल्या दांड्याने ठोकळ्यावर दाब द्यायचा, एवढीच त्याची रचना. जर्मन बनावटीच्या अनेक डायना रायफलींत ठोकळा आडव्या खिळ्यांनी अडकवलेला असतो. शिकंजाने किंचित दाबला की खिळ्यांवरचा ताण जातो आणि ते पंचने अलगद निघतात. मग दांडा सावकाश उलटा फिरवत स्प्रिंगचा सगळा दाब उतरू द्यायचा. वाइराउख कंपनीच्या अनेक रायफलींत ठोकळ्यालाच आटे असतात, तो फिरवून काढायचा. पण तिथेही शेवटचे आटे सुटताना मागे जोर असतोच.

त्याआधीची कामं सोपी आहेत. नळीत छर्रा नाही याची खात्री करायची, दस्त्याचे स्क्रू काढून लोखंडी भाग वेगळा करायचा आणि प्रत्येक टप्प्याचा फोटो काढायचा. हे फोटो जोडणीच्या वेळी फार कामाला येतात, कारण चापाचे बारीक तुकडे कोणत्या बाजूने बसतात हे दुसऱ्या दिवशी आठवत नाही. स्प्रिंग निघाल्यावर नळीचा मुख्य बोल्ट आणि पिस्टनला रेटणारा दांडा सोडवला की पिस्टन बाहेर येतो.

आता खरी तपासणी. स्प्रिंग काचेवर लोळवली की वाकलेली असल्यास लगेच डुलते. पिस्टनच्या तोंडाचं सील, मग ते चामड्याचं असो वा प्लास्टिकचं, चिरलं असेल तर हवा मागे निसटते आणि छर्रा मंदावतो. नळीच्या बुडाशी असलेलं छोटं सील रायफल उघडण्याआधीच तपासता येतं: सांध्यावर टिश्यू पेपरचा कपटा ठेवून सुरक्षित लक्ष्यावर छर्रा मारायचा, कपटा उडाला तर गळती तिथेच आहे.

जुन्या ग्रीसचा काळा चिखल पुसून काढल्यावर भरपूर तेल ओतायचा मोह होतो. तो आवरलाच पाहिजे. दाबलेल्या हवेच्या उष्णतेने सिलिंडरमधलं तेल पेट घेतं, मोठा आवाज होतो, धूर निघतो आणि नवं सील, स्प्रिंग दोन्हींची वाट लागते. पिस्टनच्या बाजूंना मॉलिब्डेनमयुक्त ग्रीसचा पातळ थर, स्प्रिंगला जरा दाट ग्रीस, एवढं पुरे. चामड्याच्या सीलला थोडं तेल लागतं, तेही थेंबाने मोजून.

नवं सील आत सरकवताना सिलिंडरच्या लांब खाचेची धार त्याला कापते. धार आधी बारीक पॉलिश पेपरने मोडून घ्यावी. घाईत निम्मी सीलं इथेच वाया जात असावीत.

कडक स्प्रिंग घालून ताकद वाढवायचा सल्ला अनेक जण देतात. त्याने धक्का वाढतो, नेम बिघडतो, आणि भारतात कायद्याचाही प्रश्न येतो. २०१६ च्या शस्त्र नियमांत परवान्यातून सूट मिळते ती ४.५ मिमी नळीच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर रायफलींना. ती हद्द ओलांडलेली रायफल घरात विनापरवाना ठेवता येत नाही.

जोडणी उलट क्रमाने, पुन्हा शिकंजातच. नंतर छर्ऱ्याशिवाय चाप ओढू नये. समोर हवेची गादी न राहिल्याने पिस्टन सिलिंडरच्या तोंडावर आदळतो. छर्रा भरताना नळी एका हाताने घट्ट धरून ठेवावी, कारण खटका निसटला तर नळी झटक्यात मिटते आणि बोट सापडतं. पहिल्या काही छर्ऱ्यांना थोडा धूर दिसला तर तो उरलेल्या ग्रीसचा असतो. दस्त्याचे स्क्रू मात्र धक्क्यांनी सैल होतात, ते पहिल्याच दिवशी पुन्हा आवळावेत.