घरी शिकणाऱ्या पोराची पारख कशी करावी?



ऊस, कापूस, फवारणी सोडून मी पोरांच्या परीक्षेवर लिहायला बसलो, याचे काहींना नवल वाटेल. पण वस्त्यांवर फिरताना माती परीक्षणाच्या चौकशीबरोबर एक प्रश्न अलीकडे फार वेळा कानावर येतो. "साहेब, पोरगं घरीच शिकतंय. पण ते कितवीत आहे म्हणायचं?"

घरी शिकण्याची कारणे निरनिराळी. कोणाचे मूल वर्षानुवर्षे दुखणाईत, कोणाची वस्ती ओढ्यापलीकडे, पावसाळाभर वाट बंद. २०२०-२१ साली शाळा बंद होत्या तेव्हा घरी बसलेली काही मुले पुन्हा वर्गात गेलीच नाहीत. शहर सोडून शेती करायला आलेली शिकली-सवरलेली जोडपीही आता दिसतात, ती जाणूनबुजून घरी शिकवतात. आणि काही घरांत "पोरगी घरी शिकते" याचा अर्थ ती भाकरी थापते आणि शेळ्या राखते एवढाच असतो. त्या घरांना मी स्पष्ट सांगतो, ते शिक्षण नव्हे. अशा मुलीची पाटी तपासून पाहा, म्हणजे खरे काय ते कळेल.

ही तपासणी घरात करता येते, खर्च काही नाही. 'प्रथम' संस्था २००५ सालापासून 'असर' नावाची पाहणी करते. तिचे कार्यकर्ते गावोगावी घरी जाऊन एकेका मुलाला समोर बसवतात. लेखी पेपर नाही, घोळक्यात प्रश्न नाहीत. आधी अक्षरे, मग शब्द, मग पहिलीच्या पातळीचा सोपा उतारा, मग दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. मूल ज्या पायरीवर अडखळेल तिच्या अलीकडची पायरी ही त्याची आजची जागा. गणितातही तसेच: अंक ओळखणे, हातच्याची वजाबाकी, मग तीन आकडी संख्येला एका आकड्याने भागणे.

हेच आपण करावे. दुपारी घर शांत असताना मुलाला एकट्याला घेऊन बसा. पाहुण्यांसमोर पाढे म्हणायला लावणे ही परीक्षा नव्हे, तो पोराचा छळ आहे. वाचायला पाठ्यपुस्तकातला धडा देऊ नका, तो पाठ असतो. हाच अंक हातात द्या, न वाचलेले एखादे पान काढा आणि मोठ्याने वाचायला सांगा. मग पान मिटून विचारा, "यात काय सांगितलंय?" स्वतःच्या शब्दांत चार वाक्ये सांगता आली, तर वाचलेले डोक्यात शिरले. मामाला दहा ओळींचे पत्र लिहायला लावा. शुद्धलेखनावर लाल रेघा नंतर ओढा, आधी मजकूर कळतो का ते पाहा.

गणिताला ६३ मधून २७ वजा करायला द्या. ते जमले तर ७४८ भागिले ६ (भागाकार १२४, बाकी ४). मोठ्या मुलाला शेतातलेच गणित घाला: दीड एकराला ७५ किलो खत लागते, तर २२ गुंठ्यांना किती? दीड एकर म्हणजे ६० गुंठे, गुंठ्याला सव्वा किलो, उत्तर साडेसत्तावीस किलो. हे ज्याला कागदावर मांडून करता आले त्याचे त्रैराशिक पक्के समजावे. माझ्या पाहण्यातला एक मुलगा डाळिंबाच्या बागेचा हिशेब तोंडी चटकन सांगे, पण लिहायला बसवले की पेन्सिल चावत बसे. बापाला वाटे पोरगा हुशार, आईला वाटे मठ्ठ. दोघांनीही त्याला लिहिताना कधी बघितले नव्हते.

शिकवणारा आणि तपासणारा शक्यतो एक नसावा. आईने शिकवले असेल तर शेजारच्या गुरुजींना किंवा कॉलेजात जाणाऱ्या पुतणीला तासभर बसवा. तारीख घालून वहीत लिहून ठेवा: काय आले, काय अडले. तीन महिन्यांनी पुन्हा पाहा. दोन भावांची तपासणी एकत्र करू नका. दोन रानांची माती एका पिशवीत भरून पाठवली तर प्रयोगशाळेचा अहवाल दोन्हींनाही लागू पडत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता कागदाचे. घरची वही कितीही चांगली असली तरी कृषी तंत्र विद्यालयाच्या पदविकेला दहावीची गुणपत्रिका लागते. शेतीत तरबेज असलेली पोरे मी तिथून परत फिरलेली पाहिली आहेत.

वय ६ ते १४ असेल आणि शाळा जवळ असेल, तर माझे मत सरळ आहे: शाळेत घाला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलाला वयाप्रमाणे योग्य वर्गात बसण्याचा हक्क आहे. प्रवेशासाठी चाचणी घेता येत नाही, जुन्या शाळेचा दाखला नाही म्हणून अडवता येत नाही, आणि मागे पडलेल्याला विशेष प्रशिक्षण मिळायला हवे. घरी शिकण्यासाठी मात्र या कायद्यात वेगळी व्यवस्था नाही, हेही ध्यानात असू द्या.

शाळा शक्यच नसेल त्यांना मुक्त शिक्षणाची वाट आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था १९८९ साली निघाली, तिचे विभागीय केंद्र पुण्यात आहे. लहानांसाठी तिचे अ, ब, क असे तीन स्तर आहेत, अनुक्रमे तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीचे. दहावीला वय किमान १४ लागते, पाच विषय घेता येतात, मराठी माध्यमही आहे. सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. एकेक-दोनदोन विषय सोडवत गेले तरी चालते. दुखणाईत मुलाला याहून सोयीचे दुसरे काही मला ठाऊक नाही. आपल्या राज्याचेही मुक्त विद्यालय मंडळ आहे, तिथे पाचवी आणि आठवीच्या पातळीपासून परीक्षा देता येते.

तिसरी वाट जुनी, गावात सर्वांना ऐकून ठाऊक असलेली: सतरा नंबरचा फॉर्म. राज्य मंडळाच्या नेहमीच्या दहावी-बारावीला बाहेरून बसायचे. पेपर तोच, निकाल तोच. पण यात शाळा सोडल्याचा मूळ दाखला मागतात. तो हरवला असेल तर दुय्यम प्रत आणि प्रतिज्ञापत्र लागते. ज्याने शाळेची पायरीच चढली नाही, त्याने या वाटेच्या भरवशावर राहू नये, आधीच मुक्त शिक्षणाकडे वळावे.

फॉर्मच्या तारखा परीक्षेच्या कित्येक महिने आधी जाहीर होतात, सुगीच्या धांदलीत त्या निघून जातात. म्हणून आजच पेटीतले कागद बाहेर काढा आणि दाखल्यावरचे नाव, आईचे नाव आणि जन्मतारीख आधार कार्डाशी ताडून पाहा. एका काना-मात्रेचा फरक असला, तरी दुरुस्तीचे हेलपाटे आत्ता उन्हाळ्यात घालून घ्यावेत.