लीजची गाडी परत करताय? आलेलं बिल निमूट भरू नका!

ब्रिटनमध्ये लीजवर गाडी चालवणाऱ्या मराठी मंडळींनो, गाडी परत गेल्यावर 'डॅमेज चार्जेस'चं बिल आलं, तर आधी ते नीट तपासा.

तिथल्या लीजिंग कंपन्यांची संघटना आहे बीव्हीआरएलए. रोजच्या वापरातली झीज किती चालते, याचे निकष तिने ठरवले आहेत. ढोबळमानाने हे माफ असतं:

🔹 २५ मिमीपर्यंतचा, पॉलिशने जाणारा ओरखडा (प्रायमर किंवा पत्रा दिसायला नको)
🔹 १५ मिमीपर्यंतचा पोचा, एका पॅनलवर जास्तीत जास्त दोन (रंग उडालेला नको)
🔹 अलॉय व्हीलच्या कडेवर एकूण ५० मिमीपर्यंतचं घासणं

काय करायचं?

✅ परतीच्या १०-१२ आठवडे आधी स्वच्छ धुतलेली गाडी दिवसाउजेडी तपासा.
✅ प्रत्येक पॅनल, चाकं, सीट यांचे तारखेसह फोटो काढा. शेजारी मोजपट्टी ठेवा.
✅ बिल आलं की प्रत्येक बाबीचा फोटो आणि माप मागा.
✅ पटत नसेल तर लेखी तक्रार करा. अंतिम उत्तरासाठी कंपनीला साधारणपणे ८ आठवडे मिळतात.
✅ तरीही तोडगा निघाला नाही, तर वैयक्तिक करार असलेल्या ग्राहकाला फायनान्शियल ऑम्बड्समनकडे मोफत दाद मागता येते. अंतिम उत्तर मिळाल्यापासून ६ महिन्यांच्या आत जा.

पोचा मोठा असेल तर पैसे द्यावेच लागतील. पण नियमात बसणाऱ्या ओरखड्यासाठी एक पेनीही देऊ नका. लीजवाल्या मित्रांना ही पोस्ट जरूर पाठवा!