ग्रुपवरची ऑर्डर आणि कायदा

'आमचं कुठे दुकान आहे? ग्रुपवर ऑर्डर घेतो, कुरिअरने पाठवतो.' घरून मसाले, लोणची, साड्या, साबण विकणाऱ्यांकडून हे हमखास ऐकू येतं. कायदा मोठ्या कंपन्यांसाठी असतो, ही त्यामागची समजूत. पण ग्राहक संरक्षण कायद्याखाली २०२० साली आलेले ई-कॉमर्स नियम विक्रेता किती मोठा आहे हे पाहत नाहीत. घरातलं जुनं कपाट एकदा विकणाऱ्याला ते लागू नाहीत. व्यवसाय म्हणून नियमित विकणाऱ्याला लागू आहेत. लहानांना सवलती जरूर आहेत, पण त्या प्रत्येक कायद्यात वेगळ्या आहेत. एका कायद्यातली सवलत दुसऱ्यात चालत नाही.

सगळ्यात महागात पडतो तो चाळीस लाखांचा गैरसमज. 'वर्षाला ४० लाखांपर्यंत जीएसटी नाही,' हे महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्यासाठी खरं आहे, पण अर्धंच. हे ४० लाख एकूण विक्रीचे, नफ्याचे नव्हेत. आणि करपात्र माल राज्याबाहेर गेला, तर ही मर्यादा उपयोगाची राहत नाही. पहिल्याच विक्रीपासून नोंदणी लागते. कोल्हापुरातून कांदा-लसूण मसाला पार गडचिरोलीला पाठवला तर सवलत शाबूत. तोच मसाला जवळच्या बेळगावला पाठवला, की ती संपली. सावंतवाडीहून पणजीला पाठवला तरी तेच. सीमाभागातल्या आणि गोव्यातल्या मराठी घरांत आपला माल जातो, तो आपल्याला परका वाटत नाही. कायद्याला मात्र तो परराज्यात गेलेला दिसतो. महिन्याला दहा-वीस पाकिटं पाठवणाऱ्या बाईवर विवरणपत्रांचं हे ओझं टाकणं मला अन्यायाचं वाटतं. तरीही नियम आहे तोवर तो माहीत असायलाच हवा. सरकारने यादीत दिलेल्या हस्तकलेच्या वस्तूंना राज्याबाहेर विकतानाच्या या नोंदणीतून २० लाखांपर्यंत, काही अटींवर, सूट आहे.

अ‍ॅमेझॉन, मीशोसारख्या मंचांवर विकायचं तर पूर्वी लहान विक्रेत्यालाही जीएसटी नोंदणी सक्तीची होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून त्यात सवलत आली. उलाढाल मर्यादेच्या आत असेल आणि विक्री फक्त आपल्या राज्यात असेल, तर पॅनच्या आधारे जीएसटी पोर्टलवरून नावनोंदणी क्रमांक घेऊन विकता येतं. ही सोय अनेकांपर्यंत पोहोचलेलीच नाही, याचं वाईट वाटतं.

'उद्यम काढलंय, म्हणजे परवाने झाले.' नाही. उद्यम नोंदणी मोफत आहे, कर्ज आणि योजनांसाठी उपयोगी आहे, पण ती कशाचाही परवाना नाही. खाण्याचा पदार्थ घरच्या ओट्यावर केला तरी विकण्यासाठी एफएसएसएआयकडे, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडे, जावं लागतं. अगदी लहान उत्पादकाला तिथे पूर्ण परवान्याऐवजी साधी नोंदणी पुरते. तिचा चौदा अंकी क्रमांक पाकिटावर छापायचा. साबण आणि क्रीमचं मात्र तसं नाही. ती सौंदर्यप्रसाधनं ठरतात आणि विकण्यासाठी बनवायची तर अन्न व औषध प्रशासनाचा उत्पादन परवाना हवा. 'घरगुती, नैसर्गिक' लिहिल्याने त्यातून सुटका होत नाही. घरी साबण करण्याच्या वर्गांची फी भरण्याआधी हे विचारून घ्यावं.

'किंमत इनबॉक्समध्ये' ही पद्धतही नियमात बसत नाही. पाकीटबंद मालाची कमाल किरकोळ किंमत, निव्वळ वजन, उत्पादकाचं नाव-पत्ता ही माहिती वैधमापन नियमांप्रमाणे ऑनलाइन जाहिरातीतच दिसायला हवी. जाहिरातीत वापरलेला फोटो गुगलवर सापडला म्हणून तो फुकट होत नाही. खाली छायाचित्रकाराचं नाव दिलं तरी परवानगी लागतेच. 'हापूस' नावाचंही असंच. २०१८ मध्ये मिळालेलं हापूसचं भौगोलिक मानांकन रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांचं आहे. दुसरीकडचा आंबा त्या नावाने पेटीत भरणं ही ग्राहकाची तर फसवणूक आहेच, पण कोकणातल्या बागायतदाराच्या पोटावरही तो पाय आहे.

'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' या ओळीवर विक्रेते फार विसंबतात. माल सदोष निघाला किंवा दाखवला तसा नसला, तर परत घेण्यास नकार देता येत नाही. बिलावर मुदत नसेल, तर सदोष मालासाठी कायदा ३० दिवस धरतो. उलट बाजूही सांगायला हवी: माल चांगला आहे, फक्त रंग आवडला नाही, तर सात दिवसांत परत करण्याचा सरसकट हक्क आपल्या कायद्यात ग्राहकाला नाही. ती मुभा विक्रेत्याने ठरवायची आणि विक्रीआधी स्पष्ट लिहायची.

'वाद पुणे न्यायालयाच्या कक्षेत' असं बिलावर छापूनही फार फरक पडत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला तो राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. मालासाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही आणि तक्रार ऑनलाइनही दाखल होते. म्हणून प्रत्येक विक्रीचं बिल द्या आणि पार्सल बांधतानाचा व्हिडिओ व कुरिअरची पावती सांभाळून ठेवा. फुटलेली बरणी कुणाच्या हातून फुटली, हे दाखवायला तेवढंच हाताशी असतं.