पावणेचार लाख ब्रासचं मैदान

१४ लाख घनयार्ड! घनयार्ड आपल्याला ओळखीचा नाही, तेव्हा हा आकडा वाळूवाल्याच्या हिशेबात आणू या. एका घनयार्डात २७ घनफूट, आणि १०० घनफुटांचा एक ब्रास. करा भागाकार. पावणेचार लाख ब्रास! गावाकडे घर काढलेल्या माणसाला दहा ब्रास वाळू मिळवता मिळवता घाम फुटतो. इथे पावणेचार लाख ब्रास वाळू-माती इकडून उचलून तिकडे टाकली, आणि ती कशासाठी? गोल्फचं एक मैदान करायला!

मैदानाचं नाव चेंबर्स बे. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, टकोमा शहराजवळ, प्युजेट साउंडच्या खाऱ्या पाण्याच्या काठावर ते आहे. मालकी पियर्स काउंटीची, म्हणजे तिथल्या जिल्हा सरकारची. पैसे भरून कुणीही खेळावं.

आता ही माती जरा वाहून बघू. एका डंपरमध्ये चार ब्रास भरले तर खेपा होतात साडेचौऱ्याण्णव हजार. तेवढे डंपर एकामागे एक, नाकाला शेपूट लावून उभे करा. मुंबईहून निघालेली रांग पुण्याला पोहोचेल, तिथून वळून मुंबईला येईल, पुन्हा पुणे, पुन्हा मुंबई, पुन्हा पुणे! रस्त्याने नको? मग रेल्वेने न्या. साडेतीन हजार टनांची एक मालगाडी धरली तर पाचशेच्या आसपास गाड्या लागतील. रोज एक सोडली तरी शेवटची गाडी हलायला सोळा महिने! आणि हीच माती विहिरी बुजवायला वापरली तर? वीस फूट रुंद, चाळीस फूट खोल अशा तीन हजार विहिरी काठोकाठ भरतील. तालुक्यात पाणी भरायला जागा उरणार नाही.

गंमत म्हणजे, ही केवळ मागे राहिलेल्या मातीची हलवाहलव. त्याआधी जवळजवळ शंभर वर्षं या जागेतून वाळू आणि खडी काढली जात होती. पडावांत आणि मालगाड्यांत भरून ती जायची, भोवतालच्या शहरांच्या रस्त्यांत आणि काँक्रीटमध्ये मुरायची. एका बाजूला शहरं वर चढत होती, दुसऱ्या बाजूला हा खड्डा खोल जात होता. खडी साठवायच्या काँक्रीटच्या अजस्र भिंती अजून मैदानात उभ्या आहेत. त्या पाडल्या नाहीत हे फार उत्तम केलं.

१९९२ साली काउंटीने ही सगळी जागा घेतली : ९३० एकर. दादरचं शिवाजी पार्क २८ एकरांचं धरा, म्हणजे ३३ शिवाजी पार्कं! किंमत ३ कोटी ३० लाख डॉलर. ऐकायला छाती दडपते, पण चौरस फुटावर या : ८० सेंटच्या आसपास, तेव्हाच्या दराने वीस-पंचवीस रुपये. खाणीच्या खड्ड्याला याहून जास्त कोण देणार?

मग गोल्फ-मैदानांचे रचनाकार रॉबर्ट ट्रेंट जोन्स ज्युनियर यांच्या चमूने साधारण अडीचशे एकरांवर १८ होल आखले, तिथलीच वाळू चाळून तिचेच डोंगर रचले, आणि जून २००७ मध्ये मैदान खुलं झालं. अडीचशे एकरांत झाडं किती? एक! फरचं एकटं झाड. २००८ साली कुणीतरी त्याच्यावर कुऱ्हाड चालवली, तरी ते वाचलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत बातमी आली : गोल्फची २०१५ची यू.एस. ओपन इथे. मैदानाला आठ महिनेही पुरे झाले नव्हते, स्पर्धा मात्र १८९५ पासूनची!

आणि काय झाली ती स्पर्धा! शेवटच्या दिवशी ब्रँडन ग्रेसचा चेंडू सोळाव्या होलवरून उडाला तो थेट शेजारच्या रेल्वे रुळांवर. २१ वर्षांचा जॉर्डन स्पीथ चार दिवसांत २७५ फटक्यांत जिंकला. बक्षीस १८ लाख डॉलर. त्या वर्षीच्या ६४ रुपये दराने साडेअकरा कोटी. भागा २७५ ने : फटक्याला ४ लाख १९ हजार रुपये!

थांबा, याच्याही वर जायचंय. डस्टिन जॉन्सन अखेरच्या हिरवळीवर उभा होता. होल १२ फुटांवर. एका फटक्यात चेंडू आत गेला की विजेता तो. दोन लागले तर बरोबरी. त्याला तीन लागले! एका फटक्याने हरला आणि दुसऱ्या क्रमांकाची रक्कम वाटून घेऊन परतला : पावणेनऊ लाख डॉलर. पहिल्या बक्षिसापेक्षा सव्वानऊ लाख डॉलर कमी, म्हणजे सुमारे ५ कोटी ९० लाख रुपये. १२ फुटांचे इंच १४४. काउंटीने चौरस फुटाला वीस-पंचवीस रुपयांनी घेतलेल्या त्या खड्ड्यात, त्या संध्याकाळी, एका इंचाची किंमत झाली ४ लाख १० हजार रुपये!