हळदीला कोणता पैसा मानवतो

शेख फरीदबाबांच्या टेकडीमुळे विदर्भात सर्वश्रुत झालेले गिरड ज्या समुद्रपूर तालुक्यात वसले आहे, त्याच तालुक्यातील वायगावच्या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. तेव्हा या हळदीची पूड किंवा अर्क काढून दूरच्या बाजारपेठेत धाडण्याचा उद्योग इथल्या एखाद्या तरुणाने मनात आणला, तर भांडवल कोणाकडून व किती मुदतीचे घ्यावे, हा विचार त्याने रकमेच्या आकड्याआधी करावा, असे मला आग्रहाने वाटते.

आरंभीचा पैसा घरचाच असतो, कारण जी वस्तू अद्याप कोणी विकत घेतलेली नाही तिच्यावर परका मनुष्य सहसा विसंबत नाही. क्वचित एखादा उदार आश्रयदाता लाभतो. बेळगाव सोडावे लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधच्या अधिपतींनी जागा आणि कर्ज दिले, म्हणूनच १९१० साली ओसाड माळावर किर्लोस्करवाडी उभी राहू शकली. आज ते औदार्य सरकारी योजनांत विभागले गेले आहे. २०२१च्या स्टार्टअप इंडिया बीजनिधी योजनेतून मान्यताप्राप्त नवउद्योगाला, उद्भवन केंद्रामार्फत, कल्पना सिद्ध करून दाखविण्यासाठी २० लाखांपर्यंत अनुदान मिळू शकते. तर पंतप्रधान रोजगारनिर्मिती कार्यक्रमात ५० लाखांपर्यंतच्या उत्पादन प्रकल्पास ग्रामीण भागात सर्वसाधारण अर्जदाराला २५ व विशेष प्रवर्गास ३५ टक्के अनुदान आहे. मात्र ही अनुदानाची रक्कम तीन वर्षे बँकेतच ठेवीरूपाने राहते, हे दरखास्त करणाऱ्याने आधीच ध्यानी घ्यावे.

खरी कसोटी यानंतर लागते. हळद उन्हाळ्याच्या तोंडाशी निघते, शिजवून, वाळवून, पॉलिश करून ती विक्रीस येते ती थोड्याच महिन्यांत, आणि कारखाना वर्षभर चालवावयाचा तर सारा कच्चा माल त्याच हंगामात रोखीने खरेदी करून ठेवावा लागतो. म्हणजे यंत्रसामग्रीचे कर्ज मंजूर होऊनही खेळत्या भांडवलावाचून ती यंत्रे निम्मे वर्ष निश्चल राहण्याचा धोका असतो. यासाठी बँकेची कॅश क्रेडिटची मर्यादा, किंवा गोदामातील मालाच्या पावतीवर मिळणारे कर्ज, हेच उचित साधन होय. शेतकऱ्यालाही बाजार समितीच्या तारण योजनेत माल ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम उचलता येते, त्यामुळे पडत्या भावात विकण्याची निकड त्याच्यावर येत नाही.

हिस्सा घेणारे गुंतवणूकदार याच्याही पुढचे. ते व्याज मागत नाहीत, परंतु मालकीत वाटेकरी होतात आणि काही वर्षांत कित्येक पट वृद्धीची अपेक्षा धरतात. संगणकाच्या आज्ञावलीला ती गती साधते, वर्षातून एकदाच निघणाऱ्या पिकाला साधत नाही. म्हणून या परिसरात मी शेतकरी उत्पादक कंपनीला अग्रक्रम देईन, कारण तिथे भागभांडवल हळद पिकविणाऱ्यांचेच असते, आणि २०२०च्या केंद्रीय योजनेत पात्र कंपनीच्या सभासदांनी जमविलेल्या भागाइतकी रक्कम, प्रति शेतकरी २,००० रुपये व एकूण १५ लाखांच्या मर्यादेत, सरकार आपल्याकडून घालते.